माहेरी जाणाऱ्या फाइलीत हा रिपोर्ट सगळ्यात वर ठेवा

प्रति,
ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या प्रसूतिगृहांचे डॉक्टर, सिस्टर आणि लॅब चालवणारे माझे सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कोपरखैरण्याची. २८ वर्षं लॅब टेक्निशियन होते. घणसोली, कोपरखैरणे, वाशी इथल्या खासगी लॅबमध्येच सगळी नोकरी झाली. तुमच्यापैकी अनेकांच्या पेशंटचं रक्त माझ्या हातून तपासलं गेलं असेल. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी सिफिलीसचा, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणाऱ्या आजाराचा, एक रिपोर्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे.

मुलगी २२ वर्षांची. घणसोलीतल्या चाळीत राहणारी, नवरा टेम्पोवर. चौथा महिना चालू होता. नर्सिंग होमच्या चिठ्ठीवर नेहमीचंच लिहिलेलं : हिमोग्लोबिन, रक्तगट, शुगर, एचआयव्ही, एचबीएसएजी (हेपटायटिस बी) आणि व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलीसची तपासणी. तेव्हा आम्ही व्हीडीआरएल स्लाइडवर करायचो. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी, ५६ अंशांवर अर्धा तास ठेवायचं, स्लाइडवरच्या गोलात थोडं घ्यायचं, त्यात अँटिजेनचा थेंब, चार मिनिटं रोटेटरवर आणि लगेच मायक्रोस्कोपखाली. निगेटिव्ह असेल तर बारीक कण सगळीकडे सारखे पसरलेले दिसतात. तिच्या स्लाइडवर गुठळ्या होत्या, दूध नासल्यावर दिसतात तशा. मी सीरम पातळ करत गेले. १:४ ला गुठळ्या, १:८ ला गुठळ्या, १:३२ पर्यंत गुठळ्याच. दुसऱ्यांदा लावून पाहिलं, तेच. लाल पेनानं ‘रिअ‍ॅक्टिव्ह १:३२’ लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, पाकीट चिकटवलं आणि तिच्या सासूच्या हातात दिलं. माझं काम झालं, असं मी धरून चालले.

दीडेक वर्षानं तीच मुलगी दुसऱ्या खेपेला पुन्हा आली. हातात तीच निळी प्लॅस्टिकची फाइल. जुना नंबर बघायला मी फाइल उघडली, तर सोनोग्राफीच्या फोटोमागे चार घड्या पडलेला तो कागद, माझ्याच अक्षरातला. पुढे कुणाची सही नाही, इंजेक्शनची तारीख नाही, काही नाही. मी विचारलं, पहिलं बाळ किती महिन्यांचं झालं? ती म्हणाली, “सातव्यात माहेरी गेले होते, पाटणला. आठव्यात पोटातच गेलं. सासूबाई म्हणतात, एसटीचे धक्के बसले.”

ते बाळ सिफिलीसनंच गेलं, असं मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण त्या बाळाची किंवा वारेची तपासणी कुणी केली नव्हती. पण आईला नव्यानं झालेला सिफिलीस उपचाराविना राहिला, तर निम्म्याहून जास्त वेळा गर्भाला काही ना काही होतं : गर्भ जातो, मूल मेलेलं जन्मतं, दिवसांआधी जन्मतं किंवा आजार घेऊनच जन्मतं. तिच्या हातात चार महिने वेळ होता. आठवड्याला एक, अशा फार तर तीन इंजेक्शनांचं काम होतं.

त्या नर्सिंग होमचं नाव मी लिहिणार नाही. एका डॉक्टरांना धारेवर धरून हा प्रश्न सुटणारा नाही, आणि मीही त्या साखळीतली एक कडी होते. माझ्या रजिस्टरमध्ये ती लाल नोंद होती. तशा आणखीही होत्या, वर्षाला बोटांवर मोजता येतील एवढ्या. पण एकाही वर्षी त्या कुणी मागितल्या नाहीत आणि मीही फोन उचलून कुणाला सांगितल्या नाहीत. रजिस्टर भरलं की कपाटात, कपाट भरलं की रद्दीत. या आजाराची खासगीतली मोजदाद अशी रद्दीत जात राहिली.

“आता कुठे राहिलाय सिफिलीस, आमच्या शिकण्याच्या काळातला आजार तो,” असं मी फार ज्येष्ठ डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं आहे. तसं असतं तर बरं झालं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये १५ ते ४९ वयाच्या ७१ लाख लोकांना नव्यानं सिफिलीस झाला, २०२२ मध्ये हाच आकडा ८० लाखांवर गेला. त्याच वर्षी जगभरात सुमारे ७ लाख बाळं आईकडून हा आजार घेऊन आली किंवा त्यापायी दगावली. अमेरिकेसारख्या देशात २०१२ मध्ये जन्मजात सिफिलीसची साडेतीनशेहूनही कमी बाळं नोंदली गेली होती. २०२२ मध्ये ३,७०० हून अधिक. दहा वर्षांत दहापट. तिथल्या आरोग्य यंत्रणेनं एकेक केस तपासून सांगितलं की दहापैकी जवळपास नऊ बाळं वेळेवर तपासणी आणि उपचार झाले असते तर वाचली असती. जपानमध्येही २०२२ मध्ये वर्षभरातल्या रुग्णांनी १० हजारांचा टप्पा ओलांडला. या देशांना हे कळलं ते त्यांनी मोजलं म्हणून. आणि श्रीलंका बघा. २०१९ मध्ये त्यांनी आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आणि सिफिलीस हटवल्याचं प्रमाणपत्र मिळवलं. त्याआधी क्यूबानं २०१५ मध्ये, थायलंडनं २०१६ मध्ये. त्यासाठी गरोदर बायकांपैकी किमान ९५ टक्के बायकांची तपासणी आणि सापडलेल्यांपैकी किमान ९५ टक्के बायकांवर उपचार झाल्याचं कागदावर दाखवावं लागतं. आपल्या देशानंही तेच ठरवलं आहे. पण आपल्या या पट्ट्यात किती बाळंतपणं खासगीत होतात हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमचे कागद त्यात आल्याशिवाय ९५ टक्के कशाचे काढायचे?

सरकारी बाजूला निदान रकाना तरी आहे. गरोदर बाई पालिकेच्या दवाखान्यात गेली की एचआयव्ही आणि सिफिलीसची तपासणी बोटातल्या रक्ताच्या थेंबावर, एकाच कार्डावर होऊ शकते. महिन्याच्या आरोग्य अहवालात किती गरोदर बायका तपासल्या, किती रिअ‍ॅक्टिव्ह निघाल्या, किती जणींवर उपचार झाले, हे भरावं लागतं. आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, कौन्सेलर बसतात, गुप्तरोगांसाठीच्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये औषध फुकट मिळतं. रक्तपेढीत तर प्रत्येक पिशवीची सिफिलीससाठी तपासणी कायद्यानंच होते. तुर्भे-एपीएमसीकडच्या ट्रकवाल्यांसारख्या, किंवा देहविक्रय करणाऱ्या बायकांसारख्या गटांसाठी वेगळे प्रकल्प आहेत. म्हणजे ज्यांच्याकडे समाज आधीच बोट दाखवतो, त्यांची तपासणी होते, नोंद होते. चाळीतल्या, सोसायटीतल्या लग्न झालेल्या मुलीचं रक्तही तपासलं जातं, पण खासगीत तिची नोंद पाकिटातच राहते.

हा आजार स्वतःहून ओरडत नाही, ही मोठी अडचण. पहिली जखम दुखत नाही, आणि बाईला ती आतल्या बाजूला असली तर दिसतही नाही. तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते. मग कधी तळहातावर, तळपायावर डाग येतात, खाज नसते, त्याला घामोळं नाहीतर अ‍ॅलर्जी म्हणून मलम लावलं जातं. तेही जातात. त्यानंतर वर्षानुवर्षं काहीच नाही. माणूस धडधाकट, आजार आत. जुनी माणसं याला ‘गरमी’ म्हणायची. फिरंग्यांच्या पाठोपाठ आला म्हणून वैद्यकात ‘फिरंगरोग’. आज लोकलच्या डब्यात, स्टेशनाबाहेरच्या भिंतींवर ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ अशी जी पत्रकं चिकटवलेली असतात, त्यांच्याकडे आपला अर्धा पेशंट आधी जातो. लाज वाटते म्हणून जातो. आपल्याकडे आला आणि आपणही कागद घडी करून दिला, तर त्यानं जायचं कुठे?

आता औषधाबद्दल, कारण तिथे खरी गाठ आहे.

१९४३ मध्ये सिफिलीसच्या रुग्णांना पहिल्यांदा पेनिसिलीन दिलं गेलं, आणि आजही तेच औषध चालतं. इतक्या वर्षांत हा जंतू पेनिसिलीनला निर्ढावलेला नाही. असं फार थोड्या जंतूंबद्दल म्हणता येतं. याच औषधासाठी स्वतंत्र भारतानं १९५४ मध्ये पिंपरीला कारखाना काढला होता. आणि २२ वर्षांच्या त्या मुलीला लागणारं बेंझाथिन पेनिसिलीन आपल्या आसपासच्या किती नर्सिंग होममध्ये फ्रिजशेजारच्या ट्रेमध्ये असतं? मी विचारत फिरले आहे. “आम्ही ठेवत नाही”, “रिअ‍ॅक्शनची भीती वाटते”, “अझिथ्रोमायसिन देतो, चालतं की”. नाही चालत. अझिथ्रोला हा जंतू जगभर ठिकठिकाणी दाद देत नाही, शिवाय ते वारेतून बाळापर्यंत भरवशानं पोचत नाही. डॉक्सीसायक्लिन गरोदरपणात द्यायचंच नाही. बाळासाठी पेनिसिलीन हेच एक औषध आहे. ज्या मुलांच्या हृदयाच्या झडपा सांधे धरणाऱ्या तापानं (रुमॅटिक फीवर) खराब झाल्या आहेत, त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी हेच इंजेक्शन वर्षानुवर्षं दिलं जातं. तेव्हा आपण ते देऊ शकतो, मग गरोदर बाईला का नाही?

भीती खरी असते, हे मला कळतं. पेनिसिलीनची रिअ‍ॅक्शन बघितलेला माणूस ती विसरत नाही. म्हणून विचारून, तपासून, अ‍ॅड्रिनलिन हाताशी ठेवून द्यावं, आणि जमत नसेल तर त्याच दिवशी, हातात चिठ्ठी देऊन आणि तिथे फोन करून मोठ्या रुग्णालयात पाठवावं. “बघू पुढच्या व्हिजिटला” हे म्हणू नये. एक गोष्ट मात्र बाईला आधीच सांगा : पहिल्या इंजेक्शननंतर त्याच रात्री थंडी वाजून ताप येऊ शकतो. जंतू मरतात त्याचा तो ताप असतो, दुसऱ्या दिवशी उतरतो. कळा आल्यासारखं वाटलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर लगेच यायचं. हे न सांगितल्यानं दुसऱ्या डोसला न आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. आजार किती जुना ते कळत नसेल तर आठवड्याला एक असे तीन डोस लागतात, आणि गरोदरपणात मधला एखादा लांबला तर पुन्हा पहिल्यापासून. २४ लाख युनिट, दोन्ही बाजूंना १२-१२ लाख. औषध दाट असतं, सुई चोंदते, दुखतं. सिस्टरांना हे माहीत आहे, तरी लिहिते, कारण घाईत हेच राहून जातं.

लॅबमधल्या माझ्या भावंडांना थोडं वेगळं सांगायचं आहे. “गरोदरपणात व्हीडीआरएल खोटा पॉझिटिव्ह येतो” हे आपण सगळे पाठ केलं आहे. येतो, पण बहुतेक वेळा तो कमी टायटरचा असतो (टायटर म्हणजे सीरम किती पातळ करेपर्यंत गुठळ्या दिसतात, तो आकडा). १:३२ ला ‘खोटा असेल’ म्हणायची सोय नाही. खात्रीसाठी टीपीएचए ही दुसरी तपासणी लावायची असेल तर जरूर लावा, पण त्या रिपोर्टची वाट बघत बाईचं इंजेक्शन अडू नये, एवढं डॉक्टरांच्या कानावर घाला. उलटही होतं. अँटिबॉडी फार असतील तर न पातळ केलेल्या सीरमला गुठळ्याच दिसत नाहीत, स्लाइड निगेटिव्ह वाटते. हाच तो प्रोझोन, जो आपण परीक्षेपुरता वाचतो. ज्या बाईचं आधीचं बाळ पोटात गेलं आहे, तिचं सीरम पातळ करून बघितल्याशिवाय ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ लिहू नका. आणि आता बऱ्याच ठिकाणी रॅपिड कार्ड आलं आहे. ते चांगलं आहे, वीस मिनिटांत रेघ दिसते. पण एकदा आजार होऊन बरी झालेली बाई त्या कार्डावर बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच दिसते. तिला पुन्हा लागण झाली आहे की ती जुनी खूण आहे, हे फक्त टायटर सांगतो. उपचारानंतर १:३२ चं १:८ झालं, म्हणजे चौपट उतरलं, तर औषध लागू पडलं. ते पुन्हा तितकंच चढलं, तर पुन्हा लागण झाली किंवा औषध लागू पडलं नाही असं धरायचं. म्हणून रिपोर्टवर नुसतं ‘पॉझिटिव्ह’ छापू नका, आकडा छापा. आकड्याशिवाय मोजणीही फसवी होते. जुन्या बायका दरवेळी नव्या म्हणून धरल्या जातील आणि आजार नसलेला वाढलेला दिसेल.

नवऱ्याबद्दल लिहायला जड जातं. त्या मुलीला मी समोर बसवलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “घरी काय सांगू? माझ्यावरच येईल ना?” आपल्या रीतीत तपासणी बाईची होते, म्हणून आजार तिचा ठरतो. नवऱ्याला बोलावलं की तो म्हणतो, मला काही त्रास नाही. त्रास नसतोच, वर सांगितलं ते हेच. त्याचं इंजेक्शन झालं नाही तर तिला दिलेलं वाया जातं. सातव्या महिन्यात ती पुन्हा लागण होऊन बसते. म्हणून माझी विनंती आहे की गरोदर बाईचं नाव नोंदवताना पहिल्याच भेटीत दोघांची चिठ्ठी लिहावी. सगळ्यांनाच. सोसायटीतल्या इंजिनिअर जोडप्यालाही आणि चाळीतल्या जोडप्यालाही. सगळ्यांना सांगितलं की कुणा एकीकडे बोट जात नाही. आणि रिपोर्ट सासूच्या हातात देऊ नये. मी दिला होता.

मोजायचं कसं? नावं नकोत. एचआयव्हीबाबत रुग्णाचं नाव गुप्त ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. इथेही तीच शिस्त पाळू. महिन्याअखेरीला प्रत्येक लॅबनं आणि प्रत्येक प्रसूतिगृहानं आपल्या भागातल्या नागरी आरोग्य केंद्राला एक ओळ पाठवावी : किती गरोदर बायका तपासल्या, किती रिअ‍ॅक्टिव्ह निघाल्या, किती जणींना पेनिसिलीन मिळालं आणि ते रिपोर्टनंतर किती दिवसांनी, किती नवऱ्यांना मिळालं. शेवटचे दोन आकडे मला पहिल्या दोनांपेक्षा महत्त्वाचे वाटतात, कारण आपण तपासतो बऱ्यापैकी. अडतं ते पुढे. आणि मेलेलं मूल जन्मलं की त्या आईची व्हीडीआरएल पुन्हा करावी, आधी निगेटिव्ह असली तरी. टीबीचा रुग्ण २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही कळवावा लागतो. तेव्हाही सुरुवातीला ‘पेशंट पळून जातील’ असं म्हटलं गेलं. आज तुमच्यातले कितीतरी जण टीबीची नोंद मोबाइलवरून करतात. मग ही एक ओळ जड का व्हावी? महापालिकेच्या आरोग्य विभागानं ती घ्यायची सोय करावी, आणि वर्षातून एकदा वॉर्डांचे आकडे आपल्याला परत दाखवावेत. पाठवलेल्या आकड्याचं पुढे काय झालं ते कळलं, तर माणूस दुसऱ्या महिन्यालाही पाठवतो.

आणि माहेर. हे आपल्या मातीतलं आहे आणि कुठल्या परदेशी मार्गदर्शिकेत सापडणार नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. कोपरखैरणे-घणसोलीतली माथाडी कुटुंबं पाटण-जावळीची, कुणी जुन्नरचं, कुणी जळगावचं. सातवा लागला की ओटीभरण होतं आणि मुलगी गाडीत बसते. तिच्यासोबत फाइल जाते. तिथला डॉक्टर फाइल उघडतो तेव्हा वर सोनोग्राफी, मग लोहाच्या गोळ्यांची चिठ्ठी, मग बिलं. व्हीडीआरएल कुठेतरी तळाला. म्हणजे तपासणी नवी मुंबईत, बाळंतपण पाटणला, आणि दोघांच्या मधे कुणी नाही.

म्हणून एक अगदी साधी गोष्ट करा. रिअ‍ॅक्टिव्ह निघालेल्या बाईच्या फाइलीत, आणि तिच्या माता-बाल संरक्षण कार्डात, पहिल्याच पानाला एक चिठ्ठी स्टेपल करा. तिच्यावर आजाराचं नाव नको, घरात वाचलं जातं. डॉक्टरांना कळेल असं लिहा : तपासणीची तारीख, टायटर, इंजेक्शनच्या तीन तारखा, जोडीदाराची तारीख, पुढचा टायटर कधी बघायचा, जन्मल्यावर बाळाचं रक्त आईच्या रक्ताबरोबर तपासायचं, आणि तुमचा फोन नंबर. ती निघायच्या आधी शेवटचं इंजेक्शन झालेलं असावं, बाळंतपणाच्या किमान महिनाभर आधी; महिन्याच्या आत सुरू केलेला उपचार बाळासाठी पुरेसा धरत नाहीत. अशी चिठ्ठी मी तिच्या दुसऱ्या खेपेला स्वतःच्या हातानं लिहिली होती. टेक्निशियननं लिहायची नसते, डॉक्टरांना विचारून लिहिली आणि त्यांनी सही केली. तीन इंजेक्शनं वाशीला झाली, नवऱ्याचीही झाली; तिसऱ्या वेळी तोच तिला घेऊन आला होता. ती पाटणला गेली. अडीच महिन्यांनी तिथल्या डॉक्टरांनी चिठ्ठीवरच्या नंबरवर फोन केला. बाळाचा टायटर १:२ आहे, आईचा १:४, म्हणाले, पुढे काय करू? मी त्यांना आमच्या डॉक्टरांशी जोडून दिलं. बाळाची पुढची तपासणी तिथेच झाली, तिसऱ्या महिन्यात १:१, सहाव्या महिन्यात नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह.

चिठ्ठीचा नमुना ज्यांना हवा आहे त्यांनी कळवावं, मी लिहून देईन. रोज संध्याकाळी पाचनंतर मला वेळ असतो.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
कोपरखैरणे, नवी मुंबई